‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हटल्यावर वर्ग दोनच मिनिटं का शांत राहतो?

“हाताची घडी, तोंडावर बोट!” मराठी शाळेत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने ही आज्ञा ऐकलेली असते. पहिलीच्या बाई टेबलावर पट्टी आपटतात. चाळीस मुलं हात बांधतात, ओठांवर बोट ठेवतात. बाई फळ्याकडे वळतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी मांजराचा आवाज काढतं, दुसरा खिदळतो, “बाई, हा बघा ना, मला चिमटा काढतोय” अशी तक्रार येते आणि दोन मिनिटांत वर्गाचा पुन्हा मासळीबाजार होतो.

मग बाई आणखी जोरात ओरडतात. वर्ग पुन्हा शांत होतो. पुन्हा दोनच मिनिटं.

बाहेरून बघणाऱ्याला यात गंमत वाटेल. पण यात बाईंचा घसा आणि धीर रोज खर्ची पडतो, शिकायला बसलेल्या मुलांचा वेळ वाया जातो आणि दोन-चार मुलांच्या कपाळावर ‘मस्तीखोर’, ‘वाया गेलेला’ असा शिक्का बसतो. पहिलीत बसलेला हा शिक्का पुढच्या इयत्तेच्या बाईंपर्यंत मुलाच्या आधीच पोहोचतो.

छोट्या मुलांचा वर्ग शांत कसा ठेवायचा, यावर गेली पन्नास-साठ वर्षं जगभर संशोधन झालं आहे. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट अगदी साधी आहे: वर्गात शिक्षकाचं लक्ष ज्या गोष्टीकडे जातं, ती गोष्ट वाढते. लक्ष गोंधळाकडे गेलं तर गोंधळ वाढतो, कामाकडे गेलं तर काम वाढतं. ऐकायला सोपं, करायला अवघड. ते अवघड का, आणि जमवायचं कसं, हे समजून घेऊया.

सहा वर्षांच्या मुलाला गप्प बसणं इतकं कठीण का जातं?

मनात आलं की लगेच करायचं नाही, आधी थांबायचं, आपला नंबर येईपर्यंत वाट बघायची, बाईंनी सांगितलेलं डोक्यात धरून ठेवायचं, ही सगळी कामं मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात. हा भाग सगळ्यात सावकाश वाढतो. त्याची वाढ विशी ओलांडल्यानंतरही सुरू असते. म्हणजे पहिलीतल्या मुलाला ‘स्वतःला आवर’ असं सांगताना आपण त्याच्याकडून असं काम मागत असतो, ज्याचं यंत्र अजून बांधून झालेलं नाही.

त्यातच घरातून शाळेत आलेल्या मुलासाठी सगळंच नवीन असतं. घरी तहान लागली की उठून पाणी प्यायचं, शाळेत विचारून जायचं. घरी बोलावंसं वाटलं की बोलायचं, शाळेत हात वर करायचा. हे नियम मोठ्यांना इतके सवयीचे असतात की ते शिकवावे लागतात, हेच लक्षात येत नाही. मूल पाढा चुकलं तर आपण पुन्हा समजावून सांगतो. वागणं चुकलं तर मात्र ओरडतो. खरं तर रांगेत उभं राहणं हीसुद्धा पाढ्यासारखीच सरावाने येणारी गोष्ट आहे.

हा सराव खेळातून उत्तम होतो. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ महाराष्ट्रातल्या पोरांना नवा नाही. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटलं तर हात वर करायचा, पण नुसतं ‘हात वर’ म्हटलं तर हलायचंही नाही. हात आपोआप वर जात असताना त्याला अडवणं, हाच स्वतःला आवरण्याचा व्यायाम. मुलांचा स्वतःवरचा ताबा मोजण्यासाठी संशोधक याच धर्तीची एक चाचणी वापरतात. त्यात ‘डोक्याला हात लावा’ म्हटलं की मुलाने पायाची बोटं धरायची असतात आणि ‘पायाची बोटं’ म्हटलं की डोकं.

‘खाली बस’ म्हटलं की मुलं जास्त उभी राहतात

१९६८ साली अमेरिकेत मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या एका वर्गात एक मजेशीर प्रयोग केला. वर्गात ४८ मुलं आणि दोन शिक्षिका होत्या. मुलं सतत जागेवरून उठायची आणि बाई सतत ‘खाली बस’ म्हणायच्या.

संशोधकांनी शिक्षिकांना सांगितलं, काही दिवस ‘खाली बस’ म्हणण्याचं प्रमाण वाढवा. बाईंनी वाढवलं. बाईंनी दटावलं की मूल त्या क्षणी खाली बसायचं, पण एकूण मोजदाद केली तेव्हा वर्गात उठणाऱ्या मुलांचं प्रमाण आणखी वाढलेलं निघालं. नंतर बाईंनी उभ्या राहिलेल्या मुलांकडे लक्ष न देता, बसून काम करणाऱ्या मुलांचं कौतुक करायला सुरुवात केली. तेव्हा कुठे उठणं कमी झालं.

असं का झालं? चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात बाईंची नजर आपल्यावर पडणं ही फार दुर्मीळ गोष्ट असते. शहाण्यासारखं बसलेल्या मुलाला ती दिवसभरात एकदाही मिळत नाही. उठलेल्या मुलाला मात्र लगेच मिळते, तीही नाव घेऊन. रागाचं का होईना, ते लक्षच असतं. अजिबात लक्ष नसण्यापेक्षा ओरडा बरा, हा हिशोब सहा वर्षांचं मूल न कळत करून टाकतं.

मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत याच कारणाने फसते. फळ्यावर ठळक अक्षरात नाव आलं म्हणजे काहींसाठी ती शिक्षा नसते, प्रसिद्धी असते.

मग ओरडण्याचा उपयोग होतो, असं का वाटतं?

कारण त्या क्षणी तो होतोच. बाई ओरडल्या की वर्ग गप्प होतो आणि बाईंना लगेच हायसं वाटतं. ज्या गोष्टीने लगेच हायसं वाटतं, ती माणूस पुन्हा करतो. मुलाला लक्ष मिळालं म्हणून तो पुन्हा गोंधळ घालतो, बाईंना शांतता मिळाली म्हणून त्या पुन्हा ओरडतात. दोघंही एकमेकांना ही सवय लावत असतात. फरक एवढाच की आवाजाची पट्टी दर आठवड्याला थोडी थोडी वर जाते.

वर्गाबाहेर उभं करण्याचंही तसंच. समजा, दुसरीतल्या एका मुलाला वाचता येत नाही. वाचनाचा तास आला की तो शेजारच्याची पेन्सिल ओढतो. बाई त्याला बाहेर काढतात. बाईंच्या लेखी ही शिक्षा झाली, पण त्या मुलाची सगळ्यांसमोर अडखळत वाचण्यातून सुटका झाली. उद्या वाचनाचा तास आला की पेन्सिल पुन्हा ओढली जाणार, हे नक्की.

म्हणून वर्तनाचा अभ्यास करणारे आधी एकच प्रश्न विचारतात: या गोंधळातून मुलाला मिळतं काय? बहुतेक वेळा उत्तर दोनपैकी एक असतं. एकतर कुणाचं तरी लक्ष मिळतं, नाहीतर नकोशा कामातून सुटका मिळते. लक्ष हवं असलेल्या मुलाला चांगलं वागल्यावर लक्ष द्यावं लागतं. सुटका हवी असलेल्या मुलाला काम त्याच्या आवाक्यातलं द्यावं लागतं. दोघांना एकच शिक्षा देऊन भागत नाही.

नियमांचा तक्ता भिंतीवर लावला, तरी फरक का पडत नाही?

याच संशोधकांनी १९६८ साली आणखी एक प्रयोग केला. बालवाडीचा एक आणि दुसरीचा एक, अशा दोन वर्गांत त्यांनी तीन गोष्टी एकामागून एक करून बघितल्या. आधी फक्त नियम सांगितले. फारसा फरक पडला नाही. मग नियम सांगून गोंधळाकडे दुर्लक्ष करायला सांगितलं. तेवढ्यानेही भागलं नाही. शेवटी चांगल्या वागण्याचं कौतुकही सुरू केलं, तेव्हा वर्ग सुधारला.

म्हणजे नियम हवेतच, पण नुसता तक्ता काम करत नाही. तीन-चारच नियम, तेही ‘काय करू नये’पेक्षा ‘काय करावं’ असे. ‘पळू नका’ ऐवजी ‘वर्गात चालत जा’. ‘बडबड करू नका’ ऐवजी ‘एक जण बोलताना बाकीचे ऐकतील’. ‘पळू नका’ ऐकलं की लहान मुलाच्या डोळ्यांसमोर पळणंच येतं, त्याऐवजी काय करायचं ते त्याला कळत नाही.

कौतुकाचाही एक मुद्दा आहे. ‘शाब्बास’, ‘छान’, ‘गुड’ हे शब्द वर्गात इतके फिरतात की त्यांची किंमत राहत नाही. नेमकं कशाचं कौतुक, ते सांगावं लागतं. “आर्याने वही काढून तारीखसुद्धा लिहिली” असं बाई म्हणाल्या की शेजारची चार मुलं न सांगता वह्या काढतात. कौतुक एकीचं झालं, सूचना सगळ्यांना मिळाली आणि कुणाला ओरडावंही लागलं नाही.

आणि रागवायचंच असेल तर? १९७० साली ओलिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्याने रागवणं आणि हळू आवाजात, फक्त त्या मुलालाच ऐकू जाईल असं रागवणं, यांची तुलना केली. बहुतेक मुलांवर हळू आवाजातल्या रागवण्याचा परिणाम जास्त चांगला झाला. मोठ्याने रागावलं की सगळा वर्ग मान वळवून बघतो. खोडकर मुलाला प्रेक्षक मिळतात आणि लाजऱ्या मुलाला आयुष्यभर लक्षात राहील असा अपमान. बाकाजवळ जाऊन, वाकून, दोन शब्द बोललं की दोन्ही टळतं.

अर्थात सगळ्याकडेच दुर्लक्ष करायचं नसतं. मारामारी, चावणं, कुणाला इजा होईल असं काही, किंवा एखाद्या मुलाला सतत चिडवणं, हे लगेच थांबवावंच लागतं. दुर्लक्ष करायचं ते पाय हलवणं, पेन्सिल आपटणं, उगाच तोंडाने आवाज काढणं अशा किरकोळ गोष्टींकडे.

‘बाईंना मागेही डोळे आहेत’

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन एकदा कॉलेजात शिकवत असताना एक विद्यार्थी पेपर वाचत बसला होता. कुनिन त्याच्यावर ओरडले. गंमत म्हणजे ओरडा एकाला बसला, पण बाकीचा सगळा वर्ग सावरून बसला. हे बघून कुनिन यांना कुतूहल वाटलं. शिक्षक कसे रागावतात यावरून वर्ग ताब्यात राहतो का, याचा त्यांनी पुढे अनेक वर्षं अभ्यास केला, प्राथमिक शाळांचे वर्ग चित्रित करून तपासले.

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष शिक्षकांना चकित करणारा होता. गोंधळ झाल्यावर रागवण्याची पद्धत, चांगल्या चालणाऱ्या वर्गांत आणि विस्कळीत वर्गांत, साधारण सारखीच निघाली. फरक होता तो गोंधळ होण्याच्या आधी शिक्षक काय करतात, यात.

ज्यांचे वर्ग सुरळीत चालायचे, त्या शिक्षकांचं एका मुलाची वही तपासताना बाकीच्या वर्गावरही ध्यान असायचं. खोडी सुरू होतानाच त्यांच्या लक्षात यायची आणि नेमक्या त्याच मुलाकडे नजर जायची. आपल्याकडे मुलं म्हणतात ना, बाईंना मागेही डोळे आहेत, तेच हे. शिवाय एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना त्यांच्या वर्गात खोळंबा होत नसे.

हा शेवटचा मुद्दा फार कामाचा आहे. वर्गातला गोंधळ तास ऐन रंगात असताना सहसा होत नाही. तो होतो वह्या वाटताना, पुस्तक काढताना, मधल्या सुट्टीनंतर आत येताना, बाई हजेरी भरत असताना. म्हणजे मुलांच्या हाताला काम नसतं तेव्हा. ज्या बाई मुलं आत यायच्या आधीच फळ्यावर एक छोटं कोडं लिहून ठेवतात, त्यांनी निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते.

कॅन्ससमधल्या एका वर्गातला खेळ

पुढची गोष्ट अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातली. चौथीचा वर्ग, २४ मुलं. त्यातल्या ७ मुलांच्या तक्रारी बाईंनी अनेकदा मुख्याध्यापकांपर्यंत नेलेल्या. बाईंचं नाव म्युरिअल सॉन्डर्स. हॅरिएट बॅरिश आणि माँट्रोस वुल्फ या संशोधकांसोबत त्यांनी वर्गात एक खेळ सुरू केला आणि १९६९ साली तिघांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. हा खेळ ‘गुड बिहेवियर गेम’ म्हणून ओळखला जातो.

खेळ अगदी सोपा होता. वर्गाचे दोन संघ करायचे. गणिताच्या तासाला कुणी न विचारता उठलं किंवा मध्येच बोललं की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर एक रेघ मारायची. ज्याच्या रेघा कमी तो संघ जिंकला. दोन्ही संघांच्या रेघा ठरावीक मर्यादेच्या आत राहिल्या तर दोघंही जिंकले. बक्षीस काय? छातीवर लावायचं विजयाचं चिन्ह, तक्त्यावर नावापुढे चांदणी, जेवायला रांगेत पहिला नंबर आणि दिवसाच्या शेवटी अर्धा तास आवडीचं काही करायची मोकळीक. पैसे लागतील असं त्यात जवळपास काहीच नव्हतं.

संशोधकांनी तासाचे एक-एक मिनिटाचे भाग पाडून मोजणी केली होती. खेळाआधी गणिताच्या तासात सुमारे ९६ टक्के भागांमध्ये कुणीतरी मध्येच बोलत होतं आणि ८२ टक्के भागांमध्ये कुणीतरी जागेवरून उठत होतं. खेळ सुरू झाल्यावर हे आकडे १९ आणि ९ टक्क्यांवर आले. खेळ बंद केला, गोंधळ परत आला. पुन्हा सुरू केला, पुन्हा कमी झाला.

मुलं तीच, बाई त्याच, गणितही तेच. बदललं ते एवढंच की नियम स्पष्ट झाला, मोजणी सगळ्यांसमोर झाली आणि शेजारी बसलेल्या मित्राला खोडीवर हसण्याऐवजी खोडी न होण्यात रस निर्माण झाला.

पहिलीतला खेळ, विशीतला परिणाम

याची खरी परीक्षा झाली ती बाल्टिमोर शहरात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ शेपर्ड केलम आणि सहकाऱ्यांनी १९८५-८६ साली १९ सरकारी प्राथमिक शाळांमध्ये मोठा प्रयोग सुरू केला. वस्त्या बहुतांशी गरीब आणि कृष्णवर्णीय. पहिलीच्या काही वर्गांमध्ये हा खेळ खेळवला, काहींमध्ये नाही. दोन वर्षं खेळ चालला. मग ही मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठलं.

पहिलीत जे मुलगे सर्वांत आक्रमक आणि दंगेखोर होते, त्यांच्यात फरक सर्वांत ठळक होता. खेळ खेळलेल्या गटात मोठेपणी अमली पदार्थांचं व्यसन आणि समाजविघातक वागणुकीचं प्रमाण न खेळलेल्यांपेक्षा कमी निघालं. मुलींमध्ये आणि आधीपासूनच शांत असलेल्या मुलांमध्ये फारसा फरक नव्हता. म्हणजे ज्या मुलांवर शाळा सगळ्यात आधी फुली मारते, त्यांनाच सगळ्यात जास्त फायदा झाला.

पण हा खेळ म्हणजे जादूची कांडी नाही. बाल्टिमोरमध्येच पुढच्या वर्षीच्या तुकडीत परिणाम कमी दिसला, तेव्हा शिक्षकांना मिळणारं प्रशिक्षण आणि पाठबळही कमी झालं होतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाने ७७ शाळांमध्ये दोन वर्षं घेतलेल्या चाचणीचा अहवाल २०१८ साली आला. त्यात सरासरी बघता वाचनात किंवा वागण्यात सुधारणा दिसली नाही. सुरुवातीपासून वागण्याच्या अडचणी असलेल्या मुलग्यांना फायदा झाल्याचे काही संकेत मात्र मिळाले. खेळ कसा खेळवला जातो आणि शिक्षकाच्या पाठीशी कुणी उभं आहे का, यावर बरंच अवलंबून असतं.

ही लाच झाली, असं नाही का?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत याच मुलांनी बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढली. जे आनंदासाठी करत होते, ते बक्षिसासाठीचं काम होऊन बसलं.

यातून घ्यायचा धडा असा: मुलं जे मनापासून करतात, त्याला बक्षीस लावू नये. गोष्ट ऐकल्याबद्दल, चित्र काढल्याबद्दल चॉकलेट नको. जे अजून जमत नाही, त्याच्या सुरुवातीला छोटं बक्षीस चालतं, तेही खाऊपेक्षा एखादा खेळ, एखादं गाणं असं. आणि सवय लागली की ते हळूहळू मागे घ्यावं.

दुसरा धोका गटाचा. एका मुलामुळे सगळा संघ हरला तर बाकीची मुलं त्याच्यावरच तुटून पडतात. कॅन्ससच्या वर्गातही मुद्दाम खेळ बिघडवणाऱ्या मुलाचा प्रश्न आला होता, तेव्हा त्याच्या रेघा संघापासून वेगळ्या काढाव्या लागल्या. हरलेल्या संघाला हिणवलं जात असेल तर खेळ थांबवलेलाच बरा.

छडी आता कायद्यानेही बंद आहे

‘आमच्या वेळी गुरुजी छडी मारायचे, म्हणून आम्ही शिकलो’ असं म्हणणारे आजही घराघरात भेटतात. पण १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हीला मनाई आहे. हे कलम मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. सगळ्या वर्गासमोर ‘ढ’ म्हणणं, बाकावर उभं करून हसं करणं, हेही मानसिक छळातच मोडू शकतं.

आणि मारण्याला विरोध हा काही परदेशातून आलेला विचार नाही. गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांनी शंभर वर्षांपूर्वीच मारझोडीशिवायचं बालशिक्षण उभं केलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करून घ्यायला जातो आणि साफ फसतो. मुलं मिळून वर्ग डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी तो शांततेची मागणी बाजूला ठेवतो आणि गोष्ट सांगायला लागतो. मुलं आपसूक गप्प होतात.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. मूल शाळेत बसत नसेल तर आधी शाळा तपासून बघावी, हे महाराष्ट्राने तेव्हाच करून दाखवलं होतं.

पन्नास मुलांच्या वर्गात हे जमणार कसं?

कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांसाठी साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात कुठे एकाच बाई दोन इयत्ता सांभाळतात, कुठे एका खोलीत पन्नास मुलं कोंबलेली असतात. वर मुलं शिकवायची सोडून माहिती भरायची कामं. अशा वेळी सगळा दोष शिक्षकावर ढकलणं सोपं, पण अन्यायाचं आहे. तरीही मोठ्या वर्गातसुद्धा करता येतील अशा काही गोष्टी आहेत.

- शांततेसाठी एकच खूण ठरवावी. बाईंनी टाळीचा एक ताल वाजवायचा, मुलांनी तोच वाजवून उत्तर द्यायचं आणि थांबायचं. ही खूण पहिल्या आठवड्यात खेळासारखी दहा-वीस वेळा करून घ्यावी.
- दर दहा-पंधरा मिनिटांनी अंग हलवायला द्यावं. एखादं बडबडगीत, उभं राहून पाढे, जागेवर चार उड्या. बसायची ताकद उठण्यातून येते.
- वह्या वाटणं, खडू आणणं, फळा पुसणं ही कामं नेहमीच्या हुशार मुलांना न देता सगळ्यात चुळबुळ्या मुलाला द्यावीत. त्याला उठायला कारण मिळतं आणि चांगलं लक्षही.
- सूचना एका वेळी एकच द्यावी. ‘वही काढा, पान उघडा, तारीख लिहा आणि चित्र काढा’ यातलं पहिलं आणि शेवटचंच लहान मुलाच्या डोक्यात राहतं.
- सांगून झाल्यावर पाच सेकंद थांबावं. लगेच दुसऱ्यांदा सांगितलं की मुलं शिकतात, पहिल्यांदा ऐकायची गरज नाही.

पण त्या एका मुलाचं काय?

सगळं करूनही वर्गात एखादं मूल उरतंच. अशा वेळी स्वभावाला दोष देण्याआधी काही गोष्टी तपासायला हव्यात. त्याला फळ्यावरचं दिसतं का? नीट ऐकू येतं का? सतत सर्दी आणि कान फुटणाऱ्या मुलाला बाईंचं निम्मं बोलणं ऐकूच येत नसतं. तो सकाळी काही खाऊन येतो का? त्याच्या घरी बोलतात ती भाषा आणि पुस्तकातली भाषा एकच आहे का? घरात अलीकडे काही घडलंय का, स्थलांतर, भांडणं, कुणाचा मृत्यू? आणि त्याला मिळणारं काम त्याच्या आवाक्यातलं आहे का?

हल्ली कुठल्याही चुळबुळ्या मुलाला चटकन ‘एडीएचडी’ म्हटलं जातं. पण हे निदान तज्ज्ञच करू शकतात आणि त्याचे निकष ठरलेले आहेत. लक्षणं किमान सहा महिने दिसावी लागतात आणि शाळेत, घरी, खेळताना अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. फक्त गणिताच्या तासालाच अस्वस्थ होणाऱ्या मुलाचा प्रश्न बहुधा गणिताचा असतो.

सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी करण्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. या पथकाचे डॉक्टर शाळेत आणि अंगणवाडीत येतात. दिसणं, ऐकणं, वाढ आणि विकासातल्या अडचणी असतील तर पुढच्या तपासणीसाठी मुलाला जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवता येतं. पथक येणार असेल त्या दिवशी ‘त्या’ मुलाला आवर्जून हजर ठेवावं.

पालकांना तक्रार आली, तर काय विचारावं?

“तुमचा मुलगा वर्गात फार त्रास देतो.” व्हॉट्सॲपवर किंवा शाळेच्या फाटकाशी हे वाक्य ऐकलं की काही पालक घरी येऊन मुलाला बदडतात, काही बाईंशीच भांडतात. मूल मात्र होतं तिथेच राहतं.

त्यापेक्षा बाईंना तीन प्रश्न विचारावेत. हे साधारण कुठल्या वेळी, कुठल्या तासाला होतं? त्याच्या जरा आधी काय चाललेलं असतं? आणि तो तसा वागल्यावर लगेच काय होतं, कोण हसतं, कोण रागावतं, त्याचं काम राहून जातं का? एक आठवडा एवढीच नोंद वहीच्या मागच्या पानावर ठेवली तरी चित्र बरंच स्पष्ट होतं. एखादं मूल रोज मधल्या सुट्टीआधीच चिडत असेल तर त्याला भूक लागलेली असू शकते. दुसरं फक्त वाचनाच्या वेळी दंगा करत असेल तर त्याला अक्षरांसाठी मदत हवी.

आणि बाईंनाही एक गोष्ट करता येईल. तक्रारीच्या दोन निरोपांमध्ये एक चांगला निरोप. “आज त्याने स्वतःहून सगळ्यांच्या चपला रांगेत लावल्या.” ज्या घरात शाळेतून फक्त तक्रारीच येतात, तिथे या एका ओळीने त्या संध्याकाळी आईबाबा मुलाशी वेगळ्या आवाजात बोलतील.